माझ्या पोटातली अक्षत

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण माझ्यात आजवर कुणी बसलेलं नाही. बसू म्हटलं तरी जमायचं नाही, कारण मी जेमतेम हातभर लांब आहे. मला दुरून चालवतात. चालवणाऱ्याच्या हातात एक रिमोट, रिमोटला लांब चकचकीत अँटेना, आणि त्याच्या माझ्यामध्ये नुसती हवा. त्या हवेतून हाक यायची आणि मी निघायचे. न दिसणारी हाक ऐकायची आणि तिच्या मागे चालायचं, एवढंच मला येत होतं.

गोष्ट माझी आहे, पण तिच्यात एका मुलावर आलेला आळ आहे. तो आळ खोटा होता. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं, इतकंच.

मी जन्मले तेव्हा गाडी नव्हतेच. एका खोक्यातले सुटे तुकडे होते. माझे मालक मनोहरराव, त्यांचे मित्र धम्मानंद आखातात नोकरीला होते. सुट्टीवर नागपूरला येताना त्यांनी ते खोकं आणलं आणि सांगितलं की गाडी आणली आहे, फक्त ती आपल्याला करावी लागेल. मनोहरराव कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर. संध्याकाळी बसमधून उतरून हातपाय धुतले की धरमपेठेतल्या घराच्या व्हरांड्यात दोघं मित्र मला जोडत बसायचे. अकरा संध्याकाळी लागल्या. मनोहररावांचा दहा वर्षांचा मुलगा सुशील शेजारी मांडी घालून बसायचा. वडील त्याच्या हाती पेचकस देऊन सांगत की स्क्रूचा शेवटचा पाव फेरा डोळ्याला दिसत नाही, तो बोटाला कळतो. सुशीलच्या बोटाला कळायचा. माझ्या पुढच्या डाव्या चाकाचे स्क्रू त्याच्या हातचे आहेत. ते अजून ढिले झालेले नाहीत.

माझ्या पोटात त्यांनी एक छोटी काळी डबी बसवली. तिला रिसिव्हर म्हणतात. हवेतली हाक ती ऐकायची आणि माझ्या चाकांना सांगायची. तुम्ही तिला यंत्राचा भाग म्हणाल. माझे ते कान होते.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला सुशीलनं आपला लाकडी नंदी माझ्यामागे बांधला. सकाळी मारबत, म्हणजे रोगराईच्या पुतळ्याची मिरवणूक, गेली की संध्याकाळी आमच्याकडची पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि खाऊ, पैसे असा बोजारा गोळा करतात. बाकीची पोरं आपापले नंदी दोरीनं ओढत होती. सुशील मात्र दहा पावलं मागे, हातात रिमोट घेऊन, एखाद्या मालगुजारासारखा चालत होता. कोपऱ्यावरचे नानाजी ओट्यावरून उठून उभे राहिले.

"आजवर बैल गाडी ओढे," ते म्हणाले. "ह्यायच्या घरी गाडीच बैलाले ओढून राहिली गा."

सारी गल्ली हसली. मनोहरराव फाटकाशी उभे होते. त्यांची छाती दोन बोटं रुंद झालेली मी पाहिली. इतकं सुख मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं. पुरवावं लागलं.

दीड महिन्यानं दसरा आला. सुशीलची आई जयवंताबाई मोठी नेमाची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती स्वतःच्या तोंडात पाणी घालत नसे. दसऱ्याच्या सकाळी तिनं धुतलेलं वस्त्र अंथरलं आणि शिलाई मशीन, मनोहररावांचे पाने, सायकल आणि मी अशी सगळ्यांची पूजा मांडली. पुसायला म्हणून माझा वरचा टप काढून ठेवलेला होता. मनोहरराव आपट्याची पानं आणायला गेले होते. जयवंताबाईनं माझ्या पोटात डोकावून पाहिलं. तिला वाटलं असेल, जीव तर आत आहे, मग पूजा वरच्या टपाची का करायची? तिनं आत हळदकुंकू वाहिलं. काळ्या डबीवर अक्षता ठेवल्या. नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं आणि माझ्या पोटात लाडानं एक पळीभर जास्तच ओतलं.

मित्रांनो, त्या पाण्यात नुसती माया होती. मला वाटलं, आपण गाडी नाहीच, कुणी छोटासा देव आहोत. त्याच गोड गुंगीत मी होते, आणि डबीला तारांसाठी ठेवलेली जी बारीक फट असते, तिच्यातून ते पाणी एका अक्षतेला घेऊन हळूच आत उतरलं.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. सुशील मला गल्लीत घेऊन गेला. थोडं अंतर मी नीट चालले. मग माझ्या कानात गुणगुण सुरू झाली. सुशीलनं बटण सोडलं, पण माझ्या कानात एकच हाक घुमत होती, पळ, पळ, पळ. मी पळाले. गल्लीच्या टोकाला नाल्यावरच्या पुलाचा कठडा आहे, त्याच्यावर जाऊन आदळले. माझं पुढचं उजवं चाक दांडीसकट तुटलं.

"बाबा, मी बटण सोडलं होतं," सुशील म्हणाला. "ते आपणच धावली."

मनोहररावांना ते खोटं वाटलं. चाक मोडल्याचं त्यांना तेवढं लागलं नाही, जेवढं मुलगा खोटं बोलला याचं लागलं. त्यांनी हात उगारला नाही. सुशीलच्या कोनाड्यातला पेचकस तेवढा काढून घेतला आणि म्हणाले, "तुह्या हाताले गुण नाही."

जयवंताबाईनं मला उचलून आत आणलं तेव्हा माझ्या पोटातून फरशीवर एक थेंब पडला. तिनं तो बोटावर घेतला. चिकट होता, नारळाचा वास येत होता. तिला तिथंच सगळं उमगलं. दारात पाहुणे होते. पाहुणे गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं. मग उद्या सांगू. मग परवा. आपण मनापासून केलेल्या पूजेनंच घात केला, हे तिला माणसांपुढे तर नाहीच, देवापुढेही म्हणवेना. त्या दिवसापासून तिनं खोबरं सोडलं. प्रसादाचा तुकडा हातावर आला की ती तो कपाळाला लावायची आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची. घरच्यांना वाटलं, लेकासाठी काही नेम धरला असेल. बाईचा नेम काय, काहून, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही.

आणि मला माळ्यावर ठेवलं.

माळ्यावर वेळ जात नाही, तो धुळीसारखा साचत जातो. रोज दुपारी झरोक्यातून उन्हाची एक पट्टी यायची, माझ्या टपावरून सरकत जायची आणि विझायची. मी त्या पट्टीला रस्ता समजायचे. डोळे मिटल्यासारखी पडून त्या सोनेरी रस्त्यावरून नंदीला घेऊन निघायचे. कान मेले होते, तरी मला हाका ऐकू येत. माझा रिमोट शेजारीच होता. त्याचे सेल कुणी काढून ठेवले नव्हते. ते हळूहळू पाझरले आणि त्याला आतून खात गेले.

खाली घरातही तसंच काहीसं चाललं होतं. फ्यूज उडाला, नळ गळू लागला, की कुणीतरी हसून म्हणायचं, सुशीलच्या हाती देऊ नका. सुशीलही हसायचा. तो मोठा झाला, एका कॉलेजच्या कचेरीत कारकून झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. साधा दिवा बदलायलाही तो माणूस बोलवायचा. पेचकसापर्यंत जाऊन त्याचा हात हवेतच थांबतो, हे मला माळ्यावरही कळत होतं.

अडतीस वर्षं अशी गेली. मग परवाच्या श्रावणात त्याची मुलगी मुग्धा सणाची भांडी काढायला माळ्यावर चढली आणि मला घेऊन उतरली. ती अकरावीत आहे आणि हातात आलेली वस्तू उघडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सुशील म्हणाला की राहू दे, ती माझ्याच हातून मोडली होती. मुग्धानं सांगितलं, मोडली तर मोडली, मी बनवते.

तिनं माझ्यासाठी नवं पुढचं चाक आणि इतर भाग मागवले. नवा रिसिव्हर नखाएवढा, नवा रिमोट अँटेनाशिवायचा. पूर्वी माझा वेग एक तापणारी पट्टी ठरवायची, त्या जागी आता एक थंड डोक्याची चौकोनी डबी आली. बॅटरी आधीच्या बॅटरीच्या निम्म्या वजनाची. ती फार रिकामी होऊ लागली की गाडी आपणच थांबते, असं मुग्धा सांगत होती. मोटरही तिला नवी, जोरदार बसवायची होती. मनोहरराव आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे हात कापतात. ते खुर्चीतून म्हणाले की आतल्या चक्रांचे दात म्हातारे झालेत, तरण्या मोटरीचा जोर त्यांना सोसायचा नाही. मुग्धानं ऐकलं. मोटर जुनीच राहिली.

मला मात्र भीती वाटत होती. नवे कान लागल्यावर मला जुन्या हाका आठवतील का? मी मीच राहीन का?

रविवारची दुपार होती. मुग्धानं चटईवर मला उघडलं. मनोहरराव खुर्चीत, सुशील पेपर घेऊन दाराशी, आणि जयवंताबाई देव्हाऱ्यापाशी वाती वळत बसलेली. मुग्धानं जुनी काळी डबी बाहेर काढली आणि तिचं झाकण उचकटलं.

"आबा, याच्यात हळद काहून आहे?"

तांब्याच्या रेषांवर हिरवट-पिवळी खपली धरली होती. आणि खपलीत रुतलेला एक तांदळाचा दाणा होता. त्याचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

"अक्षत आहे ही," मुग्धा म्हणाली.

सुशीलनं तो दाणा पाहिला. मग आईकडे पाहिलं. त्याला कळलं, हे मला कळलं. इतकी वर्षं ज्याच्या कपाळी आळ होता, त्याच्यासमोर त्याची सुटका पडली होती, एका दाण्याएवढी. तो हळूच म्हणाला, "उंदरानं नेली असंन. फेकून दे."

वाती वळणारे हात थांबले.

"उंदीर नाही, बाप्पा. मी," जयवंताबाई म्हणाली. "त्या दसऱ्याले मीच हिच्या पोटात नारळाचं पाणी टाकलं. पोरगं खरं बोललं होतं. मले त्याच दिवशी समजलं होतं."

मनोहररावांनी ती डबी हातात घेतली. मग त्यांनी विचारलं की खोबरं त्याच्यासाठीच सोडलं होतं काय. तिनं मान हलवली.

"अवं, तू त खोबरं सोडलं," ते म्हणाले. "मी त पोराचा हात सोडला."

त्यांनी सुशीलला जवळ बोलावलं. माझ्या मोटरीच्या दोन तारांना डाग द्यायचा राहिला होता आणि मुग्धानं सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली होती. मनोहररावांनी ती उचलली. त्यांनी तिची मूठ सुशीलकडे केली.

"आधी तार तापव, मंग कथील लाव. घाई नको करू. तुह्या बोटाले समजते."

सुशीलचा हात आला आणि हवेत थांबला. मी माझा श्वास रोखला असता, मला श्वास असता तर. मग त्यानं मूठ धरली. पहिला डाग भलताच फुगला.

"बाबा, हा त बुंदीचा लाडू झाला," मुग्धा म्हणाली, आणि आधी सुशील हसला, मग सगळेच. दुसरा डाग गोल, चकचकीत पडला. मनोहररावांनी पहिला काढू दिला नाही. लाडूही माझ्या पोटात तसाच आहे.

मग आला तान्हा पोळा. जुन्या नंदीला नवा रंग दिला होता, शिंगांना झिरमिळ्या लावल्या होत्या. जयवंताबाई पूजेचं ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर अडखळली. मुग्धानं तिला सांगितलं, "आजी, आताची डबी वॉटरप्रूफ आहे. शिंपड किती शिंपडायचं ते."

"नको वं माय. कोरडंच बरं."

तिनं माझ्या कपाळावर एक कुंकवाचं बोट लावलं आणि टपावर एक अक्षत ठेवली. एकच. नारळ तिनं दूर पायरीवर, नंदीसाठी फोडला. सुशीलनं खोबऱ्याचा एक तुकडा काढला आणि आईपुढे धरला.

"आई, नेम सुटला आता."

तिनं देव्हाऱ्याच्या दिशेनं हात जोडले. तुकडा कपाळाला लावला. या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या हातावर गेला नाही. ती हळूहळू चावत राहिली, आणि आम्ही सगळे, नंदीसुद्धा, थांबून राहिलो.

गल्लीत पोरांच्या घोळक्यात अठ्ठेचाळीस वर्षांचा सुशील रिमोट घेऊन उभा राहिला. एका पोरानं विचारलं, "काका, तुमचा बोजारा कोणाले द्याचा?" तेवढ्यात माझ्या नव्या कानांत हाक आली. मित्रांनो, ती जुनीच होती. हाक कानांची नसते, हाक मारणाऱ्याची असते. मी निघाले. मागे नंदीच्या झिरमिळ्या सळसळत होत्या. रस्ता माळ्यावरच्या उन्हाच्या पट्टीसारखा सोनेरी होता. गल्लीच्या टोकाला तोच कठडा जवळ आला. फाटकाशी मनोहरराव काठी टेकून पाहत होते.

सुशीलनं बटण सोडलं.

मी थांबले.

मित्रांनो, घरातली वस्तू ठेवून देताना तिचे सेल काढून ठेवा. पूजा जरूर करा, पण तिला काय सोसतं ते आधी विचारा. आणि काही मोडलं की आधी हात शोधू नका. झाकण उघडून पाहा. आत कुणाची तरी अक्षत असेल.