बोजा न उतरलेल्या प्लॉटवरची माती

खड्डा खणून तयार होता, शवपेटी अजून गाडीतच होती आणि न्योकाबीच्या कानाला फोन होता. पलीकडून वकीलबाई मुंबुआ सांगत होत्या, "मी बँकेतूनच बोलतेय. तुमच्या प्लॉटवरचा बोजा उतरलेलाच नाही. प्लॉट विकणाऱ्या करिथींनी सगळी जमीन गहाण टाकलीय. एकेका प्लॉटचे पैसे बँकेत भरले की तेवढाच प्लॉट सुटतो. तुमचे त्यांनी भरलेच नाहीत. जमीन लिलावाला निघालीय."

न्योकाबीने गाडीतल्या पेटीकडे पाहिलं. नवऱ्याने, मुरिगीने, जन्मभर मटाटू, म्हणजे भाड्याची व्हॅन, हाकून हा तुकडा घेतला होता. 'मला माझ्याच जमिनीत ठेव,' एवढंच मरताना बायकोकडे मागितलं होतं त्याने.

करिथी तिथंच उभा होता. चर्चचा पंच, काळा कोट, खाली घातलेली मान. अहाहा, काय तो दुःखी चेहरा!

"भाऊ, आमचे पैसे बँकेत का नाही भरले?"

"वहिनी, ही वेळ आहे का? रस्त्याच्या कामाला लागले, भरतो ना! आधी माती देऊन घ्या. एकदा कबर झाली की कोण माईचा लाल इथं बोली लावतोय? लिलाव आपोआप थांबेल."

मातीला जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. थडगं असलेली जमीन इकडे कुणी फुकटसुद्धा घेत नाही. पण न्योकाबीच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे या मेल्याला तिचा नवरा राखणीला बसवायचा होता!

"असं होय? मग तुमच्याच अंगणात पुरू की! गाडी वळवा रे!"

ड्रायव्हरने खरोखरच गाडी सुरू केली. करिथी धावत आडवा आला. "वहिनी, नको! हात जोडतो."

"का? बायको घाबरेल? घाबरू दे. बोजा उतरवा, मग नेते त्याला."

"तसं नाही." त्याने गाडीचं दार धरलं. "घरही त्याच कर्जात गहाण आहे. तेही लिलावाला निघालंय. बोजा उतरवायला माझ्याकडे पैसेच नाहीत."

 न्योकाबीने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग खणणाऱ्यांना म्हणाली, "बुजवा तो खड्डा. थिका शहराच्या सरकारी दफनभूमीत जायचंय."

सासूने हंबरडा फोडला. "जमीन घेतलेल्या माझ्या लेकाला बेवारशासारखं पुरणार तू?"

"इथं बँक कधीही त्याला उकरून काढेल. तिथून त्याला कुणी उठवणार नाही, आई," न्योकाबी म्हणाली आणि पेटीशेजारी जाऊन बसली.