हैदरच्या धाब्यावरचा बर्फ

मशहदची यात्रा करून आल्यापासून गाव हैदरला मश्दी म्हणे, पण शेजारची खावर त्याला 'मेल्या'च म्हणे. हैदर आपल्या घराच्या धाब्यावरचा, सपाट मातीच्या छतावरचा बर्फ लाकडी फावड्याने ओढायचा तो सरळ तिच्या अंगणात. वीस हिवाळे हेच भांडण. "मेल्या, तुझी गल्ली काय वाहून गेली?" ती ओरडायची आणि तो वरून हसायचा.

बहात्तर साली इराणात आलेल्या त्या बर्फाच्या वादळात मात्र धाब्यावर कुणी चढूच शकलं नाही. पाच दिवस बर्फ थांबेचना. आधी दारं गाडली गेली, मग खिडक्या. खावरने गोठ्याच्या आतल्या दारातून चारी मेंढ्या खोलीत घेतल्या आणि नात सेनोबरला त्यांच्यामध्ये बसवलं. कोळसा पोतंभर होता. पण तो आधी अंगणात पेटवायचा, पुरता लाल झाला की मगच शेगडी आत, चौरंगावर पसरलेल्या गोधडीखाली आणायची, हे आईने तिला मारून शिकवलं होतं. आता अंगण कुठून आणायचं?

सहाव्या दिवशी सकाळी दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर ठकठक झाली.

"खावर! जिवंत आहेस का गं?"

"तुला पोचवल्याशिवाय मरते होय!"

"भिंत फोड आणि पोरीला घेऊन ये. कोळसा पेटवलाय. काय ऊब आहे म्हणून सांगू!"

"कुठे पेटवलास?"

"कुठे म्हणजे? इथेच, खोलीत."

"विझव! मश्दी, आत्ताच्या आत्ता विझव!"

"वीस वर्षं माझं ऐकलं नाहीस, आज मी तुझं ऐकू?" तो हसला. मग जांभई दिली. "डोकं जड झालंय. जरा पडतो."

"पडू नकोस! शिव्या दे मला, पण बोलत राहा!"

उत्तर आलं नाही. खावर सळई घेऊन मातीच्या भिंतीवर तुटून पडली. सेनोबर ओंजळीने माती सारत होती. दुपारपर्यंत खांद्यापर्यंत हात जाईल एवढं भोक पडलं. भिंतीलगतच तो निजला होता. तिने कपाळाला हात लावला. गार. त्या खोलीतली विषारी हवा नातीकडे यायला नको, म्हणून रडत रडत तिने ते भोक लगेच चिंध्यांनी बुजवलं.

नवव्या दिवशी वरच्या आळीच्या लोकांनी खावरचं धाबं फोडून दोघींना बाहेर काढलं.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला. हैदरच्या मागे कुणी नव्हतं, त्याच्या धाब्यावरचा बर्फ तसाच राहिला असता तर ते खचलं असतं. खावर त्याचं फावडं घेऊन वर चढली.

"आजी, गल्लीत टाक ना!" सेनोबर खालून ओरडली. "गल्ली मोकळी आहे!"

"गप्प बस," खावर म्हणाली आणि सगळा बर्फ तिने आपल्या अंगणात लोटला.