मास्तरांचा सैल चष्मा

चष्म्याच्या दुकानात ती मापं घ्यायची. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर गिऱ्हाइकाच्या अगदी समोर बसावं लागतं आणि म्हणावं लागतं, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा. आता उजव्या." अर्ध्या गावाला ती हे बोलून चुकली होती. नवऱ्याला कधीच नाही, कारण त्याची नजर उत्तम होती.

लग्न मोठ्या काकांनी जुळवलं. मुलगा कसा आहे विचारलं तर म्हणाले, काही त्रास नाही. तसंच निघालं. त्रास भिंतीचाही नसतो. नवरा फ्रिज उघडून "दूध संपलंय" म्हणायचा, तेव्हा हे आपल्याला सांगितलं की फ्रिजला, ते तिला कळायचं नाही. मग दोघंही गप्प बसायचे, ती आणि फ्रिज.

अशात भूगोलाचे मास्तर नवा चष्मा करायला आले. डोळ्यात बघा म्हटलं की लोक चोरी केल्यासारखं बघतात. मास्तरांनी नीट बघितलं आणि विचारलं, "सकाळी रडलात का?"

"कांदा चिरला."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण वादही घातला नाही. लग्न झाल्यापासून तिला कुणी एवढं समजून घेतलं नव्हतं.

मग मास्तरांचा चष्मा सैल व्हायला लागला. दर आठवड्याला. ती काच धरणारा स्क्रू आवळायची, तेवढ्या वेळात मास्तर समुद्रापर्यंत न पोचणाऱ्या नद्यांबद्दल सांगायचे. आपल्याला लिफ्टची भीती वाटते हे तिने त्यांना सांगितलं. चहात साखर चालत नाही, हेही सांगितलं. मास्तरांनी दोन्ही लक्षात ठेवलं. दुकानाचे मालक फ्रेम बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडत बसले.

फ्रेमचा काही दोष नव्हता. आवळून झालं की ती हळूच स्क्रू थोडा सैल करून ठेवायची. मास्तर घरी जाऊन सुरीच्या टोकाने आणखी थोडा सोडायचे. हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं, त्यामुळे काम दुप्पट झालं. एक दिवस वर्गात वाळवंट शिकवता शिकवता काच निखळली आणि फुटली. पुढचं वाळवंट मास्तरांनी अंदाजाने शिकवलं.

चष्मा घेऊन त्यांची बायको आली. काऊंटरवर ठेवत म्हणाली, "सारखा सैल होतो हो हा. ह्यांचं डोकं लहान होत चाललंय का?"

ती हसली. बायकोही हसली. चांगली होती बाई, हीच पंचाईत.

"घरी आले की काढूनच ठेवतात," बायको म्हणाली. "घरात बघण्यासारखं काय आहे म्हणतात."

तिने चष्मा पेटीत ठेवला. मग बायको म्हणाली, आलेच आहे तर माझेही डोळे बघा, हल्ली वाचताना धूसर दिसतं. ती पट्टी घेऊन समोर बसली. माझ्या डाव्या डोळ्यात बघा, म्हणाली. बायकोने बघितलं. बघत राहिली. बायकोचे डोळे भरून आले आणि माप काही घेता येईना.

"किती वेळ बघायचं असतं?" बायकोने विचारलं.

"मापापुरतं."

"आणि आमचे हे किती वेळ बघतात?"

ती पट्टी पुसत बसली. बायको पर्स उघडून रुमाल शोधायला लागली.

नवी काच आल्यावर तिने ती बसवली, स्क्रू होता होईल तेवढा आवळला आणि वर डिंकाचा थेंब सोडला. चष्मा न्यायला मास्तर स्वतः आले. घालून मान हलवून पाहिली. मग खाली वाकून पाहिलं. कारण नसताना एकदा उडीही मारली.

"घट्ट बसलाय," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे आता यायला नको."

"नको," ती म्हणाली. मास्तर वळले आणि दार ढकलायला लागले. दार ओढायचं होतं, ते त्यांना दुसऱ्या खेपेला जमलं.

त्या संध्याकाळी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा माझ्याकडे बघता का?"

"का? काही लागलंय तोंडाला?"

"लागलं असेल. बघा ना."

नवऱ्याने घास खाली ठेवला आणि मनापासून शोधलं. कपाळ पाहिलं, दोन्ही गाल पाहिले, हनुवटी पाहिली. ती डोळे उघडे ठेवून बसली होती.

"काहीच नाहीये," तो म्हणाला आणि जेवायला लागला.