शुभारंभाचा फोटो

कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवून देतो, असं मी धुळ्यात ज्याला त्याला सांगत सुटायचो. ऐकणारे चहा पाजायचे, म्हणून मीही थांबत नसे.

सोनगीरचे गिरधरनाना ते खरं मानून माझ्या दुकानात आले. त्यांच्या नातीचं, मयुरीचं लग्न होतं. पत्रिकेत भाऊबंदांची तीनशे बारा नावं घालायची. एक जरी राहिलं तरी तो माणूस मांडवात पाय ठेवणार नाही. नाना टाइप करायचे एका बोटाने, आणि ते बोट एकाच जुन्या मराठी प्रोग्रामवर चाले. तो प्रोग्राम नव्या विंडोजवर उघडेना.

मी व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर उतरवलं, त्यात जुनी विंडोज टाकली, नानांच्या सीडीवरून प्रोग्राम बसवला. मुहूर्त पाहून मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि स्नॅपशॉट घेतला. त्याला नाव दिलं 'शुभारंभ'.

"नाना, हा या घडीचा फोटो. काही बिघडलं की बटण दाबायचं, मशीन पुन्हा अश्शी नवी!" सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होती.

नाना आठ दिवस एसटीने येऊन टाइप करत राहिले. नवव्या दिवशी संध्याकाळी फाईल छापखान्यात द्यायची होती, आणि सकाळीच मशीन अडकली. मी ऐटीत 'शुभारंभ' दाबला. मशीन नवी झाली. इतकी नवी, की नानांचे आठ दिवस तिने पाहिलेलेच नव्हते.

"बठ्ठा नावे कोठे गयात रे, जितू?"

फाईलची कॉपी बाहेर ठेवा, असं मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो. स्वतःला बजावायचं राहून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांनी खुर्ची ओढली. "लिख. मी सांगस."

यादी कागदावर कधी नव्हतीच. डोळे मिटून ते घरामागून घर सांगत गेले, मी टाइप करत गेलो. एकदा उखर्डूआबांचं नाव चुकलं, तर पाठीत धपाटा बसला. पाच वाजता तीनशे बारा नावं भरली.

"आखो एक राही गयं. तुन्हं."

"कुठे टाकू, नाना? व्यवस्थापक मंडळात?"

"नही. आठे."

त्यांचं बोट पत्रिकेच्या शेवटच्या ओळीवर होतं. 'आमच्या मयुरीताईच्या लग्नाला यायचं हं!' असं म्हणणाऱ्या, अजून शाळेतही न गेलेल्या पोरांची ओळ.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. मुकाट्याने 'चि. जितू' टाइप केलं, आणि सगळ्यात आधी फाईल पेन ड्राइव्हवर घेतली.