कणकीचा हात

कृष्णातनं काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर ठेवले आणि हळूहळू एकमेकांजवळ सरकवत आणले. आधी चूल गेली. मग परात. मग उजव्या कडेनं आत आलेला, कणकीचा गोळा धरलेला बाईचा हात गेला. शेवटी मांडीवरचा पखवाज आणि अंगातली गंजीही गेली. पुठ्ठ्यांच्या मधल्या चौकोनात मानसिंगचा नुसता चेहरा उरला.

"हं, असा पायजे," भाऊसो म्हणाला. "वर फेटा चढीव. अंगात काळा कोट घाल."

तासगावच्या त्या स्टुडिओत भिंतीभर अशी कोटातली मेलेली माणसं टांगलेली होती. जन्मात ज्यांनी कोट शिवला नाही, ती गेल्यावर कृष्णातच्या कुंचल्यानं साहेब झाली होती. रीतच होती तशी. घरातलं माणूस गेलं, की कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो शोधायचा, त्यातनं त्याला एकट्याला कापून काढायचं आणि कोट घालून दारावर टांगायचं.

अंजना चौकोनाकडं बघत राहिली. मानसिंग तिचा नवरा. कुंडलच्या विठ्ठलाच्या देवळात त्यानं उभी हयात पखवाज वाजवला. बुवा कुठलाही येवो, अभंगाची चाल कुठलीही असो, मानसिंगची बोटं पडली की देऊळ डोलायला लागायचं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. एकादशीच्या कीर्तनाला त्याचा फोटो देवळात लावायचा, असं भजनी मंडळानं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष तिचा थोरला दीर, हाच भाऊसो.

फोटो जगात एकच. मानसिंगला कॅमेऱ्याचं वावडं. पुतण्या जयराज पलटणीतनं रजेवर आला होता, तेव्हा त्यानं स्वयंपाकघराच्या दारातनं चोरून टिपलेला. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय खर्जाची धूम बोलत नाही, हे कीर्तनाला जाणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ती कणीक दर वेळी अंजना मळायची. त्या दिवशी गोळा पुढं करत ती म्हणाली होती, "बास करा आता. उद्याच्या चपात्या तुमचा पखवाजच खाईल." मानसिंगनं तिच्या हाताकडं बघितलं, येणारं हसू ओठात दाबलं, आणि जयराजनं बटण दाबलं.

आता हात गेल्यावर त्या नजरेला बघायला काही उरलं नव्हतं. खाली गेलेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ. चार पंचांनी मधे उभं करून सुनावलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

"हे आमचं मालक न्हाईत," अंजना म्हणाली.

"मग काय शेजारचं हाईत?" भाऊसो हसला. "कृष्णात, डोळं जरा वर करता येत्यात का रं?"

"येत्यात की. रंगानं करू."

अंजनानं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात पुढं करून दोन्ही पुठ्ठे बाजूला सारले. चूल आली, परात आली, हात आला. आणि मानसिंगच्या ओठातलं हसू होतं तिथं परत आलं. चेहऱ्यातली एक रेघ हलली नव्हती.

"हेवढाच्या हेवढा लावा," ती म्हणाली.

"देवळात? चूल आन परात?" भाऊसोचा आवाज चढला. "आन त्यो हात? मनगटभर हिरवा चुडा हाय त्यात. आज तुझ्या हातात काय हाय, अंजना? लोकं काय म्हणतील?"

अंजनानं स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं. मग म्हणाली, "भावजी, त्या हातातली कणीक तुमच्या देवाला चालली. हात मातर चालत न्हाई व्हय?"

"कणीक कोणबी मळतंय."

"व्हय, कोणबी मळतंय. पर हितं मी मळलीया."

भाऊसोनं कृष्णातला सांगितलं, की हिचं ऐकू नको, मंडळाचं काम आहे. अंजनानं फोटो उचलला, पदरात गुंडाळला आणि खुर्चीतनं उठली.

"मग फोटू लागायचाच न्हाई," भाऊसो म्हणाला.

"तुमी खिळा तेवढा मारून ठेवा," ती म्हणाली आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती एकटीच परत आली. कृष्णातनं तिला दारातच अडवलं. "वैनी, मला भाऊसोशी वाकडं नगं. आन सगळाच्या सगळा मोठा केला, तर चेहरा लहान पडंल. लांबनं दिसायचा न्हाई."

"ज्याला बघायचं त्यो जवळ यील."

"जरा फुटंलबी फोटू, दाणं दिसतील."

"फुटू द्या. कोट घालू नका म्हंजी झालं."

कृष्णातनं डोकं खाजवलं आणि फोटो सांगलीच्या लॅबकडं धाडायच्या पाकिटात घातला.

एकादशीला देऊळ भरलं. टाळकरी दोन्ही बाजूंनी उभे राहिले, म्हातारे नानासो वीणा गळ्यात घालून मधे आले. मानसिंगच्या जागी बसणारा नाथाजी पखवाजाची दोरी ओढून कणकीची वाट बघत होता. मानसिंग गेल्यावरही कणीक अंजनाच्याच घरनं यायची, झाकलेल्या वाटीतनं, मागल्या दारानं. वाटी कट्ट्यावर ठेवायची आणि बायकांत जाऊन बसायचं, असं चालत आलेलं. खांबावरचा खिळा मात्र मोकळाच होता.

त्या संध्याकाळी अंजना पुढल्या दारानं आली. एका हातात काचेची चौकट, दुसऱ्या तळव्यावर कणकीचा उघडा गोळा.

"कट्ट्यावर ठिव ती, आन बस जाऊन," भाऊसो दबक्या आवाजात म्हणाला.

तिनं चौकट खांबाला टेकवून ठेवली आणि गोळा घेऊन पखवाजासमोर उभी राहिली.

"आज हातानंच द्याची हाय."

"देवाची अडवणूक करतीस?"

"देवाची कशी करीन? त्याला म्हाईतच हाय कणीक कुठनं येती. तुमाला दाखवाय आलीया."

कुणी हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर फोटोही गेला असता आणि कीर्तनातली जागाही. पण हात तिनं मागं घेतला नाही. नाथाजी भाऊसोकडं बघायला लागला, मग गोळ्याकडं. कडेनं कणीक सुकायला लागली होती.

"नाथाजी," नानासो वीणेच्या तारेवरचं बोट न काढता म्हणाले, "वाळंल की रं ती. बुवा काय वाळक्या कणकीवर म्हणणार हाईत व्हय?"

टाळकऱ्यांत कुणीतरी फसकन हसलं. नाथाजीनं पखवाज मांडीवर फिरवून डावं अंग वर केलं. अंजना खाली बसली, गोळा तिनं स्वतः थापला, अंगठ्यानं कड दाबली. नाथाजीनं थाप टाकली. धूम अशी घुमली, की समईची वात थरथरल्यासारखी वाटली. पुढं बसलेली राहीबाई एवढ्यात सरकत सरकत खांबापाशी पोचली होती. तिनं काचेला नाक लावलं.

"अगं बया, मानसिंग हसतोय ह्यात."

मग बाकीच्याही आल्या. मग टाळकरी वाकले. चेहरा लहान होता, म्हणून एकेकाला जवळ जावंच लागत होतं, आणि जवळ जाणारा प्रत्येक जण त्याची नजर धरून आधी त्या हातापर्यंत जात होता. नानासोंनी एका टाळकऱ्याला नुसती मान हलवून खूण केली. फोटो खिळ्यावर चढला. रामकृष्णहरीचा गजर सुरू झाला होता, आणि गजरात भांडण काढायची हिंमत अध्यक्षालाही नसते.

दुसऱ्या दिवशी अंजना काकड्याला गेली, तर फोटोवर झेंडूचा दांडगा हार. दुपदरी. उजवा पदर बरोबर चौकटीच्या कडेवरनं खाली सोडलेला, आणि त्याच्यामागं चूल, परात, हात, सगळं झाकलेलं. फुलांच्या फटीत मानसिंग पुन्हा मान खाली घालून बसला होता.

गाभाऱ्याच्या पायरीवर भाऊसो गंध उगाळत होता. वर न बघता म्हणाला, "मंडळाच्या वतीनं घातलाय."

"ग्वाड हाय की हार," अंजना म्हणाली.

तिनं चवड्यांवर उभं राहून हार काढला, दोरा दातानं तोडला, उजवीकडची फुलं ओच्यात काढून घेतली आणि उरलेल्याला गाठ मारून फोटोच्या नुसत्या वरच्या कडेवर टांगला. ओच्यातली फुलं तिनं विठ्ठलाच्या पायांवर नेऊन वाहिली.

"आखूड झाला की गं," भाऊसो म्हणाला.

"लांब हार देवाला घाला," ती म्हणाली. "हितं हेवढाच बसतोय. उद्या परत घातला, तर उद्या परत तोडीन. मी रोज येती काकड्याला."

भाऊसोनं सहाणेवर खोड जरा जोरात फिरवलं. अंजना खांबापाशी गेली, काचेला चिकटलेली झेंडूची पाकळी मोकळ्या मनगटानं पुसली आणि टाळ घेऊन आपल्या जागी जाऊन उभी राहिली.