पन्नासची पत्ती

"बंद करा ते! ही काय धुरपता हाय? हा तर रेडा रेकून राहिला!" शेजारची सखुबाई ओरडली आणि आमचा सगळा तांडा हसला. संगिता तेवढी हसली नाही. बारा वर्षांची पोर, आईचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकायला सगळ्यांच्या पुढे बसली होती. धुरपता गेली तेव्हा ती रांगतही नव्हती.

वसमतच्या कॉलेजातले उद्धवसर तेरा वर्षांपूर्वी होळीची गाणी जमवायला आले होते. धुरपतेची लेंगी, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांचे होळीचे गाणे, त्यांनी रिळाच्या टेपवर भरून नेली. आता रीळ विद्यापीठात द्यायचे, त्याआधी एकदा घरच्यांना ऐकवावे म्हणून मशीनसकट आले. भला माणूस. चारच्या एसटीने परत जायचे होते.

"मशीन बिघडली का, सर?" धुरपतेच्या नवऱ्याने, भीमसिंगने विचारले.

"मशीन ठीक आहे. तुमची वीज मंद आहे. विजेचा सेकंदाला पन्नासचा ठेका मिळाला, तरच हिची मोटर नीट फिरते. नाहीतर रीळ हळू फिरते आणि आवाज जाड होतो."

भीमसिंग खाली बघू लागला. वीज त्याचीच होती. सरकारी तारा कुरुंद्याच्या पुढे आल्याच नव्हत्या. शाळेमागच्या डिझेल इंजिनावर चाळीस बल्ब आणि एक चक्की चाले, आणि डिझेल पुरावे म्हणून तो इंजिन दबकतच चालवी. बल्ब पिवळे पडले तर कोण रडतो?

"बा, माय अशीच बोलायची?"

"न्हाई गं लेकरा. थांब जरा. सखुबाई, चक्की बंद करा!"

"अन् माझं दळण?"

पण तो धावत सुटला होता. इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग केव्हाच मोडलेला. मंद चालवायला दांडी दोरीने बांधली तरी भागे, पण वेग वाढवला की ती हातानेच धरावी लागे. सोडली की इंजिन उधळे, नाहीतर बसे. तिची नस एकट्या भीमसिंगला ठाऊक. समोरच्या मीटरात आकड्यांच्या बारीक पत्त्या होत्या; विजेचा ठेका ज्या आकड्याचा, तेवढीच पत्ती थरथरे. वीज इतकी मंद की एकही हलत नव्हती. त्याने दांडी ओढली. पंचेचाळीसची थरथरली, मग अठ्ठेचाळीसची, मग पन्नासची. तिथे त्याने दांडी घट्ट धरून ठेवली.

इंजिनखोलीच्या दारातून मशीन ठेवलेले अंगण दिसत होते. सखुबाईने पदर तोंडाला लावला. संगिता मशीनकडे सरकली, आणखी सरकली. भीमसिंगला मात्र फक्त इंजिनाची धडधड ऐकू येत होती. बारा वर्षे ज्या आवाजासाठी झुरला, तो पन्नास पावलांवर गात होता.

गाणे संपल्यावर सर आत आले. त्याच्या कानाशी ओरडले, "पुन्हा लावतो. आता तुम्ही ऐका."

"मग हे कोण धरंल, सर?"

सरांनी घड्याळाकडे पाहिले. एसटीची वेळ झाली होती.

सर गेले. संगिता धावत आली. "बा, मायचा आवाज लई गोड होता!"

"चक्की चालू करा आता!" बाहेरून सखुबाई.

भीमसिंगने इंजिनच बंद केले. कानात घूं घूं राहिली, मग तीही ओसरली.

"म्हणून दाखव," तो म्हणाला.

पोरगी गाऊ लागली. दोनदा चुकली, शब्दही विसरली. भीमसिंग ऐकत उभा होता. त्याची तेलकट मूठ अजून तशीच, दांडी धरल्यागत आवळलेली होती. बाहेर सखुबाईने पुन्हा दळणाचे नाव काढले नाही.