दहा कोऱ्या कॅसेटी

शेफील्ड शहरात जमालुद्दीन परकारने उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता, पण डोळ्यांवर पट्टी बांधून सोडलं असतं तरी तो हॅलमसाहेबाच्या लहानपणच्या घरी नेमका पोचला असता. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, चढ चढायचा, तळलेले मासे विकणाऱ्याच्या दुकानाशी डावीकडे वळायचं, सुऱ्यांना धार लावणाऱ्याचं दार मागे टाकलं की पाचवं घर. चार घरांना मिळून एक संडास, तोही मागच्या अंगणात. दोन वर्षं हेच तर टाइप करत होता बापडा!

आखातातल्या तुबली गावी एसी दुरुस्तीच्या मोठ्या वर्कशॉपात हॅलमसाहेब मॅनेजर आणि जमालुद्दीन त्याचा टायपिस्ट. पंचाण्णव साली साहेब रिटायर होऊन विलायतेला जाणार होता, आणि जाण्याआधी त्याला आपल्या बालपणाचं पुस्तक छापून घ्यायचं होतं. रोज दुपारी तो केबिनचं दार लावून कॅसेटवर बोलायचा. मग जमालुद्दीन कानाला हेडफोन लावून, पायाने पेडल दाबत, ते कॉम्प्युटरवर उतरवायचा. उतरवून झालं की तीच कॅसेट परत साहेबाच्या टेबलावर, पुढचं बोलायला. राहायचं ते एका फ्लॉपीत, बस्स.

आणि खोटं कशाला बोला, साहेब सांगायचा मोठं गोड. लढाई संपली तरी साखर मापून मिळायची ते दिवस. शनिवारी शेगडीपुढे पत्र्याचा टब ठेवून सगळ्या घराने एकाच पाण्यात आंघोळ करायची. सोमवारी धुणं; पोलादाच्या कारखान्यांची काजळी चादरींवर पडू नये म्हणून साहेबाची आई आधी वारा बघायची, मगच दोरी बांधायची. संध्याकाळी ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की अख्ख्या गल्लीतली पोरं ओरडायची, ‘‘रॉनी, पळ, तुझी आई!’’

‘‘आमची आईपण अशीच हाक मारायची, खाडीपलीकडे ऐकू जायची,’’ जमालुद्दीन घरी बायकोला, महमुदाला, कौतुकाने सांगायचा. गोऱ्याची आई आणि रत्नागिरीची आई एकाच मातीची, असं काहीतरी त्याच्या भाबड्या डोक्यात बसलं होतं.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये गावाहून फोन आला, आई अंथरुणाला खिळली. जमालुद्दीनने रजेचा अर्ज केला. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली साहेबाच्या खिशात. साहेब म्हणाला, ‘‘ऑडिट चालू आहे जमाल. ऑगस्टमध्ये जा, महिनाभर राहा.’’ जुलैच्या नऊ तारखेला आई गेली. साहेबाने खांद्यावर हात ठेवला, दोन मिनिटं गप्प राहिला आणि तिसऱ्या मिनिटाला भरलेली कॅसेट पुढे केली. तेही जमालुद्दीनने गिळलं. मालक म्हटला की असं चालायचंच, म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गावचा उस्मान सुट्टी संपवून परत आला. त्याने आणलं काय? फणसाचे पापड आणि एक कॅसेट. आईने जाण्याच्या आठ दिवस आधी भरलेली.

आता हा रिवाज ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. आईला लिहिता येत नव्हतं. गावाकडून येणाऱ्याच्या हाती कॅसेट यायची, जमालुद्दीन ती ऐकायचा, मग तिच्यावरच आपलं उत्तर भरायचा आणि जाणाऱ्याच्या हाती परत पाठवायचा. आई त्याचं ऐकायची आणि त्यावर पुन्हा आपलं बोलायची. पंधरा वर्षं एकच कॅसेट अशी समुद्रावरून हेलपाटे घालत होती. झिजली की दुसरी. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडली, की मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण यांच्या घरात ती टिकली कधी कुणी मोडलीच नाही. मोडली तर उत्तर कशावर पाठवणार? या खेपेला उत्तर ऐकायला कुणी उरलं नव्हतं, आणि टिकली मोडायचं जमालुद्दीनला सुचलं नाही. सवयच नव्हती!

घरी दोन पोरींचा गलका, म्हणून तो ती कॅसेट ऑफिसात घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून रोज पाच मिनिटं ऐकायचा, जास्त नाही. संपवायची नव्हती त्याला. कोंबड्यांचं झालं, शेजारच्या मसूदाच्या बाळंतपणाचं झालं, गळक्या कौलांचं झालं. चौथ्या दिवशी आई जरा थांबली, खोकली आणि म्हणाली, ‘‘जमाल, आता नीट ऐक हां. एक गोष्ट तुला मी आजवर सांगितली नाही—’’ तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्याने मशीन बंद केलं. उद्या निवांत ऐकू म्हणाला. त्याच दुपारी त्याला कस्टममध्ये कागद घेऊन पाठवलं, कॅसेट मशीनमध्येच राहिली.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला. ‘‘एक गोष्ट तुला मी आजवर सांगितली नाही—’’ खट्‌! आणि साहेबाचा आवाज: ‘‘सोमवार म्हणजे आमच्याकडे धुण्याचा दिवस.’’

चादरी, काजळी, वारा, शिट्टी. हो, शिट्टीसुद्धा, साहेबाने तोंडाने वाजवून दाखवली होती. पुरी तेरा मिनिटं. मग पुन्हा खट्‌, आणि आईचा थकलेला आवाज: ‘‘...म्हणून सांगून ठेवलं. आता माझं मन हलकं झालं. रडू नको.’’ कॅसेट संपली.

काय सांगितलं होतं तिने? काय होतं तिच्या मनात? आता ते कुणाच्या बापालाही कळणार नव्हतं.

जमालुद्दीन तडक साहेबाकडे गेला. साहेबाने ऐकून घेतलं, अगदी सभ्यपणे. ‘‘अरेरे! माझी टेप सापडेना म्हणून ती घेतली. पण जमाल, इतका चेहरा पाडू नकोस. एक कॅसेट तर होती.’’ आणि संध्याकाळी ड्रायव्हरच्या हाती त्याच्या टेबलावर एक खोकं आलं. कोऱ्या कॅसेटी, चांगल्या जपानी, दहा.

तळपायाची आग मस्तकात गेली. जमालुद्दीनने ते खोकं फोडलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

‘‘नोकरी सोडा,’’ महमुदा घरी रडत म्हणाली. ‘‘थुंका त्याच्या तोंडावर आणि चला गावाला. त्या मेल्याची आई मरेल ना, तेव्हा कळेल त्याला.’’

‘‘त्याची आई मरून वीस वर्षं झाली,’’ जमालुद्दीन म्हणाला. ‘‘आता आहे ती माझ्याच फ्लॉपीत.’’

महमुदाने डोळे पुसले. नवरा काय म्हणतोय ते तिला समजलं.

तेव्हापासून त्याने कधी चेहरा पाडला नाही. वेळेवर यायचा, गोड बोलायचा, साहेबाचं पुस्तक मन लावून टाइप करायचा. फेब्रुवारीत सगळी पानं साहेबाने वाचली, खूश झाला, शेवटच्या पानावर सही केली. ‘‘आता हे थेट प्रेसमध्ये दे. तुझं टायपिंग मी पुन्हा तपासणार नाही जमाल, तो तुझा अपमान होईल.’’

‘‘इंशाल्ला, साहेब,’’ जमालुद्दीन म्हणाला.

रात्री चोरून नव्हे, भर दिवसा, साहेबाच्या केबिनबाहेर बसून त्याने काम केलं. कॉम्प्युटरला विचारलं, आई कुठे कुठे आहे? एकशे त्रेचाळीस ठिकाणी. एकेका ठिकाणी गेला आणि तिला काढून टाकलं. नुसती खोडली नाही, शिवण दिसू नये अशी काढली. टबात पाणी ओतलं जात होतं, पण ओतणारं कुणी नव्हतं. चादरी वाळत होत्या, धुणारं कुणी नव्हतं. तापात पोराच्या कपाळावर ओलं फडकं होतं, फडक्यावर हात नव्हता. ट्राम, कारखान्याचा भोंगा, मासेवाला, धारवाला सगळे जागच्या जागी. संध्याकाळ झाली की पोरगा खेळ टाकून आपणहून घराकडे पळायचा, कुणी शिट्टी मारली नसताना. एवढी वर्षं त्या शहरात मनाने राहिला होता म्हणूनच जमलं त्याला. सही केलेली ती पानं त्याने कागद कातरायच्या मशीनमध्ये घालून बारीक केली आणि फ्लॉपी प्रेसमध्ये दिली.

साहेबाचा ऑफिसातला शेवटचा दिवस गुरुवार. शुक्रवारी दुपारी हॉटेलात निरोपाचं जेवण. जमालुद्दीनने तो शुक्रवारच धरून ठेवला होता; प्रेसमधली पुस्तकं त्याने थेट हॉटेलातच आणवली. गुरुवारनंतर साहेबाची सही कुणाच्या व्हिसावर चालणार नव्हती, कुणाला हाकलता येणार नव्हतं. साहेबाची थोरली बहीण खास विलायतेहून आली होती. साठी उलटलेली, हातात काठी, चेहरा साहेबासारखाच. साहेबाने सगळ्यांसमोर पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, पानं उलटली, हसली, पुन्हा उलटली. मग तिचं हसणं थांबलं.

‘‘रॉनी,’’ ती म्हणाली, ‘‘यात आई कुठे आहे?’’

साहेब हसला. म्हणाला, पानोपानी आहे. त्याने पुस्तक घेतलं आणि धुण्याचा सोमवार काढला. मग शनिवार. मग तापाचं पान. भरभर उलटत गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारी सारखी म्हणत होती, ‘‘तू तिला विसरलास, रॉनी? तिला?’’ जमालुद्दीन क्षणभर खुर्चीतून अर्धा उठला, नाही असं नाही. मग त्याला खट्‌ असा आवाज आठवला.

साहेब सरळ त्याच्या टेबलाशी आला. ‘‘तू केलंस हे.’’

‘‘हो साहेब.’’

‘‘फ्लॉपीतलं मूळ?’’

‘‘खलास.’’

साहेब खुर्चीवर बसला. आवाज अगदी लहान झाला होता. ‘‘एक टेप आहे. तुझ्या आईची. तिच्यावर माझी आई आहे, ती शिट्टी... जमाल, मला पुन्हा ते तसं सांगता येणार नाही. ती टेप मला दे. हवं तर हात जोडतो.’’

ती कॅसेट जमालुद्दीनच्या सदऱ्याच्या खिशात होती. सकाळीच त्याने तिच्या पाठीवरची टिकली मोडली होती.

त्याने खुर्चीखालून पिशवी ओढली, त्यातलं न फोडलेलं खोकं काढलं आणि साहेबापुढे ठेवलं.

‘‘दहा आहेत साहेब, कोऱ्या,’’ तो म्हणाला. ‘‘इतका चेहरा पाडू नका. एक कॅसेट तर होती.’’

मग तो उठला, ताटलीत बिर्याणी वाढून घेतली, आणि जुलैनंतर पहिल्यांदा पोटभर जेवला.